कापडाचे गाव कोणते?

आपल्याकडे माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो गावाचा. कापडालाही तोच विचारतात. दुकानदाराने ठाण उलगडले, की गिऱ्हाईक चिमटीत कापड धरते, जरासे चुरगाळून पाहते आणि म्हणते, "हे कुठलं?" दुकानदार सांगतो, इचलकरंजीचे आहे, भिवंडीचे आहे, सुरतेचे आहे. एवढ्या उत्तरावर गिऱ्हाइकाचे समाधान होते. माणसाच्या बाबतीत मात्र तसे नाही. आम्ही गाव सांगतो, तालुका सांगतो, जिल्हाही सांगतो. समोरचा मान हलवतो आणि थोड्या वेळाने हळूच विचारतो, "ते झालं हो, पण मूळचे कुठले?"

हा 'मूळचे' शब्द मोठा चिवट. आमच्या आजोबांना विचारला गेला, अब्बांना विचारला गेला, आम्हाला तर गाडीत शेजारी बसलेला प्रवासीही विचारतो. "तुम्ही मराठी फार छान बोलता हो," असे कौतुकही वर करतो. कौतुक करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण आपल्याच आईच्या हातचे जेवण जेवताना कोणी 'हे तुम्हाला आवडतं वाटतं?' असे विचारावे, तसा तो घास घशात अडकतो.

आमचे घर टेलरचे. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी अब्बांचे दुकान होते. दोन पायमशिन, एक लांब फळीचे टेबल, भिंतीला खिळ्यावर टांगलेली मापाची पट्टी. अब्बांना सारे गाव मास्तर म्हणायचे. जूनमध्ये शाळेचे गणवेश, बेंदराच्या आधी बैलांच्या झुली, गणपतीत लेझीमवाल्या पोरांचे सदरे, उरुसाच्या आधी हिरवा गलेफ, लग्नसराईत ब्लाऊजचे ढीग. हे सगळे त्याच दोन मशिनवर, त्याच सुईने. सुईने कधी कोणाची जात विचारली नाही, असे भाषणातले वाक्य आम्ही म्हणणार नाही. अब्बा एवढेच म्हणायचे, "कपडा बोलता है, सुननेवाला चाहिये."

कापड काय बोलते, हे नीट ऐकू आले ते पुष्कळ वर्षांनी आणि फार दूर. आमची भाची लंडनला असते. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे महिनाभर राहिलो. एके दिवशी ती म्हणाली, "मामू, चला, तुमच्या धंद्यातलं काहीतरी दाखवते." केन्सिंग्टन गार्डन्स नावाच्या मोठ्या बागेत सर्पंटाइन ही कलादालनाची इमारत आहे. आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे यिन्का शोनिबारे या कलावंताचे प्रदर्शन भरले होते. आम्ही नाव प्रथमच ऐकत होतो. आत शिरलो तर पुढ्यात रंगीबेरंगी छापील कापडच कापड. एका दालनात मांडण्यांवर हजारो पुस्तके आणि प्रत्येकाला निरनिराळ्या छापील कापडाचे वेष्टन. ही पुस्तके युद्धांची आणि तहांची होती. दुसऱ्या दालनात अंधार आणि अंधारात छोट्या छोट्या इमारती. जगात जिथे जिथे जीव वाचवायला माणसांनी आसरा घेतला, अशा वास्तूंच्या त्या प्रतिकृती. बाहेरून काळ्या, पण खिडकीतून डोकावले की आत दिवा, आणि आतल्या भिंतींना तेच झगझगीत कापडाचे नक्षीकाम. बाहेरून आसरा असाच अंधारा दिसतो. आत शिरलेल्यालाच त्याची ऊब कळते.

शोनिबारे यांचा जन्म १९६२ चा, लंडनचा. आईवडील नायजेरियाचे. तीन वर्षांचे असताना कुटुंब लागोसला परतले. सतराव्या वर्षी शिक्षणासाठी ते पुन्हा इंग्लंडला आले. लवकरच मज्जारज्जूच्या आजाराने त्यांना गाठले आणि शरीराची एक बाजू लुळी पडली. तशाही स्थितीत त्यांनी कला शिकली. कॉलेजात असताना ते सोव्हिएत रशियात तेव्हा चाललेल्या उलथापालथीवर काम करत होते. एका शिक्षकाने ते पाहिले आणि विचारले, तू अस्सल आफ्रिकन कला का करत नाहीस?

हे ऐकले आणि आम्ही तिथल्या बाकावर बसलो. 'मूळचे कुठले?' हाच तो प्रश्न. फक्त भाषा इंग्रजी आणि जागा कॉलेजची. लागोसला घरी योरुबा आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या, टीव्हीवर अमेरिकी मालिका बघत वाढलेल्या मुलाने अस्सल आफ्रिकन म्हणजे काय करायचे? ढोल वाजवायचा? मुखवटा कोरायचा?

या मुलाने वाद घातला नाही. तो दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारात गेला. तिथे आफ्रिकेतून आलेल्या लोकांची कापडाची दुकाने आहेत. आफ्रिकन म्हणून जगभर ओळखले जाते ते भडक, मोठ्या नक्षीचे सुती कापड तिथे मिळते. आता हे अस्सल आफ्रिकन असणार, असे समजून त्याने चौकशी केली, तर कापडाचे गाव भलतेच निघाले.

या कापडाला 'डच वॅक्स' म्हणतात. त्याची कुळकथा आम्हाला एखाद्या घराण्याच्या बखरीपेक्षा कमी वाटत नाही. जावा बेटावरच्या बायका मेणाने कापडावर नक्षी काढत. मेण लागले तिथे रंग चढत नाही. मग मेण उतरवायचे, दुसरा रंग द्यायचा, पुन्हा मेण. ही बाटिक. जावा तेव्हा डचांच्या ताब्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डच कारखानदारांना वाटले, हे हाताचे काम आपण यंत्रावर करू आणि स्वस्तात जावालाच विकू. मेणाऐवजी त्यांनी राळ वापरली. पण राळेला तडे जात आणि तड्यांतून रंग आत शिरून कापडभर बारीक शिरा उमटत. जावाच्या चोखंदळ गिऱ्हाइकाला त्या शिरा खपल्या नाहीत, आणि तिथला बाजार या कापडाला काही धरून ठेवता आला नाही. शतक सरता सरता ग्लासगोचा एक व्यापारी, एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग, तेच कापड आजच्या घानाच्या किनाऱ्यावर विकू लागला. तिथे गिऱ्हाइकांना ते आवडले. ज्या शिरा जावात खोट ठरल्या, त्याच इथे खुबी ठरल्या. दोन ठाणांच्या शिरा एकसारख्या नसत, म्हणून प्रत्येकीचे कापड तिचे एकटीचे वाटे.

त्याआधीचाही एक धागा आहे. १८३१ पासून १८७२ पर्यंत डचांनी याच किनाऱ्यावरच्या एल्मिनाहून सुमारे तीन हजार आफ्रिकी माणसे जावा-सुमात्रात लढायला नेली. त्यातले परतलेले काही जण एल्मिनात ज्या टेकडीवर राहिले, तिला आजही जावा टेकडी म्हणतात. बाटिकची आवड त्यांनी गावी आणली, असे लोक सांगतात. ते कितपत खरे, हे इतिहासकारांनी ठरवावे. पण नक्षी इंडोनेशियाची, कारखाना हॉलंडचा, व्यापारी स्कॉटलंडचा, पुढे मँचेस्टरचीही छपाई आणि अंगावर आफ्रिकेच्या बायका. सांगा आता, या कापडाचे गाव कोणते?

हॉलंडमधल्या हेल्मंड गावी १८४६ साली सुरू झालेला व्लिस्कोचा कारखाना या धंद्यातला सर्वांत नावाजलेला. त्याच्या ठाणाच्या किनारीवर 'अस्सल डच वॅक्स' अशा अर्थाची अक्षरे छापलेली असतात. आफ्रिकेचे म्हणून नेसायचे आणि किनारीवर डच असल्याची हमी बघून घ्यायचे! आम्ही किनार बघणारी माणसे. अब्बाही ठाणाची किनार आधी बघायचे. मिलचे नाव किनारीवर असायचे आणि ब्लाऊज बेतताना ती दाबात जायची. गाव असे शिवणीच्या आत जाते. वरून दिसते ते अंगावरचे कापड.

हे कापड आफ्रिकेचे झाले कसे? नेसून झाले आणि नाव देऊन झाले. कारखान्यातून ठाणाला निव्वळ नंबर येई. नाव देत बाजारातल्या विक्रेत्या बायका. टोगो देशातल्या लोमे शहरात तर या बायका इतक्या श्रीमंत झाल्या, की मर्सिडीज बेंझमधून फिरत. म्हणून त्यांना 'नाना बेंझ' म्हणत. नक्षी पाहून त्या नाव ठेवत आणि नावावर कापड खपे. पिंजऱ्याचे दार उघडे आणि पक्षी बाहेर, अशी एक नक्षी आहे. तिचे नाव 'तू बाहेर गेलास तर मीही जाईन'. नवऱ्याला तोंडाने बोलायचे नसेल तर बायको ते नेसून समोरून जाते. दुसऱ्या एकाचे नाव 'सवतीचा डोळा', तिसऱ्याचे 'माझा नवरा समर्थ आहे'. आपल्याकडेही लुगड्यांना चंद्रकळा, गंगा-जमनी अशी नावे आहेतच. पण कापडाने घरातले भांडण करावे, ही कल्पना मात्र आम्हाला फारच आवडली. आमच्या फुफीला ती ठाऊक असती, तर फुफाजींचे काही खरे नव्हते.

शोनिबारे यांनी ही सारी गंमत आणि त्यातली जखम ओळखली. १९९४ पासून त्यांनी हे कापड हाती घेतले ते आजवर सोडले नाही. आधी चित्राच्या कॅनव्हासऐवजी ते चौकटींवर ताणून त्यावर रंगवले. मग ते कपड्यांकडे वळले आणि तिथून ते आमच्या धंद्यात आले. त्यांनी राणी व्हिक्टोरियाच्या आणि त्याच्या आधीच्या काळातले इंग्रज उमराव-सरदारांचे पोशाख अगदी बरहुकूम शिवून घेतले. तोच घेरदार झगा, तीच कंबर, तोच लांब कोट, तीच बाह्यांची झालर. कापड मात्र रेशीम किंवा मखमल नाही. कापड ब्रिक्स्टनच्या बाजारातले. हे पोशाख पुतळ्यांच्या अंगावर आणि पुतळ्यांना डोके नाही.

आमच्या पोरवयात तालुक्याच्या गावी मोठ्या दुकानांतून बिनडोक्याचे पुतळे असत. त्यामुळे आम्ही दचकलो नाही. डोके नसले की गिऱ्हाईक स्वतःचे डोके तिथे बसवून बघते, एवढे आम्हाला ठाऊक होते. शोनिबारे यांचा हिशेब वेगळा. फ्रेंच राज्यक्रांतीत उमरावांची मुंडकी उडाली, त्याची ती आठवण. आणि डोके काढले की माणूस गोरा का काळा, हेही सांगता येत नाही. पुतळ्यांच्या हातांचा रंगही असा मधलाच ठेवलेला, की कोणाचा म्हणून सांगावा? विचारणाऱ्याने विचारावे, 'मूळचे कुठले?' आणि समोर उत्तर द्यायला तोंडच नाही!

१९९८ साली त्यांनी गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराचे मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज हे प्रसिद्ध चित्र घेऊन त्यातल्या नवरा-बायकोचे पुतळे केले. मूळ चित्रात मागे त्यांची शेतीवाडी पसरली आहे. पुतळ्यांमागे शेती नाही आणि मानेवर डोके नाही. २००१ साली फ्रागोनार या फ्रेंच चित्रकाराच्या झोक्यावरच्या तरुणीचे तसेच केले. तिच्या झग्याचे घेर आम्ही फोटोत निरखून पाहिले. टेलरच्या पोराला तिथे वेगळेच दिसते. मोठ्या नक्षीचे कापड असले, की शिवणीवर नक्षीला नक्षी जुळवावी लागते, कळ्या बेतताना कापड फार वाया जाते. ज्याने हा झगा बेतला, त्याने कापडाची कंजुषी केली नाही. ऐश्वर्य म्हणजे शेवटी काय, तर दुसऱ्याने कमावलेले कापड आपल्या घेरात वाया घालवण्याची मुभा. शोनिबारे तेच दाखवतात. उमरावांच्या झग्याचे पैसे आले कुठून? वसाहतींतून, गुलामांच्या व्यापारातून. म्हणून वसाहतींचे कापड त्यांच्याच अंगावर चढवले. अस्तर बाहेर आणि वरचे कापड आत, असा हा कारभार.

२००३ सालची 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका' ही त्यांची कलाकृती आहे. लांब टेबल, टेबलावर आफ्रिकेचा नकाशा आणि भोवती चौदा बिनडोक्याचे साहेब. कोणी हात उगारतो आहे, कोणी बोट दाखवतो आहे. १८८४-८५ साली बर्लिनला युरोपच्या राष्ट्रांनी आफ्रिका आपसांत वाटून घेतली, तिचा हा देखावा. आम्हाला त्या टेबलाकडे बघून अब्बांचे कटिंगचे टेबल आठवले. खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची. फरक इतकाच, की अब्बा रेघ मारण्याआधी माप घ्यायचे. या साहेबांनी ज्यांचे कापड फाडले, त्यांचे माप घेतले नाही. त्यांना विचारलेही नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या अंगणात येते. युरोपचे कापड आफ्रिकेत जाण्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानचे जात होते. गुजरातचे, कोरोमंडल किनाऱ्याचे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपी व्यापारी हे आपल्याकडचे सुती कापड गलबतात भरून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेत आणि त्याच्या मोबदल्यात माणसे विकत घेत. विणणाऱ्याला, रंगाऱ्याला, छापणाऱ्याला हे माहीत असेल? बहुधा नसेल. त्याला मजुरी मिळाली, तीही बेताची. पण त्याच्या हातचे ठाण कुठल्या तरी आईच्या मुलाची किंमत ठरले. आम्ही कापडाला नेहमी पाक समजत आलो. जन्मल्यावर पहिले कापड, शेवटी कफन. ते कापड माणूस विकायलाही वापरले जाते, हे कळल्यावर ठाणाकडे बघण्याची नजर बदलते.

पुढच्या रविवारी भाचीने आम्हाला ग्रीनिचला नेले. तिथे सागरी संग्रहालयाच्या बाहेर उघड्यावर शोनिबारे यांची एक प्रचंड बाटली ठेवली आहे. बाटलीत जहाज. १८०५ साली ट्राफल्गारच्या लढाईत नेल्सन ज्या 'व्हिक्टरी' जहाजावर होता, त्याची ही तिसाव्या हिश्श्याची प्रतिकृती. जहाजाला सदतीस शिडे आणि सगळी शिडे डच वॅक्सच्या नक्षीची. २०१० साली ती लंडनच्या ट्राफल्गार चौकात, नेल्सनच्या खांबासमोर मांडली होती. लोकांना इतकी आवडली, की वर्गणी काढून २०१२ मध्ये ती कायमची ठेवून घेतली. नेल्सन जिंकला, समुद्र इंग्रजांचा झाला, समुद्रावरून वसाहती आल्या आणि वसाहतींतून माणसे लंडनला आली. ब्रिक्स्टनचा बाजार त्याच शिडांच्या वाऱ्याने वसला. आमची भाचीही त्याच वाऱ्याने तिथे पोहोचली, असे आम्ही तिला म्हटले. ती हसून म्हणाली, "मी विमानाने आले, मामू."

आता एक शंका. शोनिबारे हे सारे स्वतः शिवत नाहीत. शरीर साथ देत नाही. ते चाकाच्या खुर्चीवरून काम चालवतात. कल्पना त्यांची, रेखाटन त्यांचे. शिवणारे कारागीर दुसरे. मग कलावंत कोण? आमच्या दुकानात हा प्रश्न कोणी विचारला नसता. टेलरिंगच्या धंद्यात मास्तर बेततो, कारागीर शिवतो. काजे-बटणे करणारा तिसराच असतो. शेवटची काही वर्षे अब्बांच्या हाताला कंप होता. सुईत दोरा ओवता येत नसे. पण कात्री त्यांच्याच हातात. ते कापडावर हात फिरवून सांगायचे, इथून, असे आडवे. कारागीर शिवायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचे, मास्तरांनी शिवलंय. त्यात खोटे काही नव्हते. मात्र कारागिराचे नाव कोणी घेत नसे, हेही खरे. मोठ्या दालनांतल्या पाट्यांवरही ते क्वचितच दिसते.

दुसरी शंका अधिक अवघड. २००४ साली इंग्लंडच्या सरकारने त्यांना 'मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा किताब दिला. साम्राज्याची टर उडवणाऱ्याला साम्राज्याचा किताब! काही कलावंतांनी असे किताब नाकारले आहेत. शोनिबारे यांनी तो घेतला आणि आपल्या नावापुढे लावायलाही सुरुवात केली. २०१९ मध्ये वरचा किताब मिळाला, तोही लावला. कोणी याला शरणागती म्हणेल. आम्हाला ती त्यांच्या कापडासारखीच चाल वाटते. बाहेर उभे राहून भिंतीवर दगड मारण्यापेक्षा आत जाऊन भिंतीला आपले कापड लावावे. तरी ही चाल प्रत्येकाला साधत नाही. कित्येकदा भिंतच माणसाला आपल्या रंगात रंगवून टाकते. यावर आमचे आणि भाचीचे एकमत झाले नाही. ती म्हणते, त्यांनी किताब परत करायला हवा होता.

आणि तिसरी गोष्ट, तिच्यावर कलेचा इलाज नाही. कापडाची मालकी नाव देऊन मिळते, हे खरे. पण मजुरी नाव देऊन मिळत नाही. उत्तर नायजेरियात काडुना शहरात मोठमोठ्या कापडगिरण्या होत्या. २००० नंतरच्या दशकात त्या बंद पडल्या, हजारो कामगार घरी बसले. आज आफ्रिकेच्या बाजारांत या नक्षीचे स्वस्त कापड चीनमधून येते. १९८२ चा संप आणि त्यानंतरची गिरणगावाची वाताहत ज्यांनी पाहिली, त्यांना काडुनाविषयी वेगळे सांगायला नको. प्रत्येक गिरणगावाची शेवटची गोष्ट सारखीच असते.

याच सुमाराला भाचीच्या घरी एक पेच उभा राहिला. तिची मुलगी नऊ वर्षांची. शाळेत एक दिवस ठरला होता. प्रत्येक मुलाने आपापल्या मुळाचा पारंपरिक पोशाख घालून यायचे. घरात दोन दिवस चर्चा. जावईबापू म्हणाले, शरारा मागवू. भाचीच्या सासूबाई फोनवरून म्हणाल्या, अनारकली घाला, मुलगी छान दिसेल. शेजारच्या पंजाबी बाई म्हणाल्या, आमच्याकडे सलवार-कमीज आहे, घेऊन जा. पोरीने आम्हाला विचारले, "नाना, आपला खरा ड्रेस कोणता?"

आम्ही आठवू लागलो. दादी आठवली. दादीने उभ्या जन्मात शरारा पाहिला नव्हता. ती इरकली लुगडे नेसायची, डोक्यावर पदर, अंगात खणाची चोळी, हातात हिरव्या बांगड्या. नमाजच्या वेळी तोच पदर नीट गुंडाळून घ्यायची. शेजारच्या पाटलीणबाई आणि दादी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, तर आम्हाला आवाज दिल्याशिवाय ओळखू येत नसत. हा आमचा पारंपरिक मुस्लिम पोशाख! हा त्या शाळेतल्या बाईंना पटला असता का? त्यांचे राहू द्या. आपल्यातल्याच कित्येकांना तो पटत नाही. गेल्या पन्नास वर्षांत आपणच लेकींना सांगत आलो, की हे आपले नव्हे, आपले ते दुसरे, दूर कुठले तरी. बाहेरचा 'मूळचे कुठले' विचारतो तेव्हा आपल्याला राग येतो. आणि घरात तोच प्रश्न आपण आपल्याच दादीच्या लुगड्याला विचारतो.

आम्ही भाचीबरोबर ब्रिक्स्टनला गेलो. डच वॅक्स तिथे सहा वारांच्या तुकड्यांत मिळते. सहा वार! आम्हाला हसू आले. निळ्या जमिनीवर उडत्या पाकोळ्यांचे एक कापड पोरीने निवडले. हातात घेतले तेव्हा ध्यानात आले, की याला उलटी बाजू नाही. रंग दोन्हीकडून सारखा. कापडाला सुलटे-उलटे असते, हे टेलरला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि इथे ते शिक्षणच निकामी. दुकानदार बाई लागोसच्या. त्यांनी विचारले, कशासाठी? भाचीने सांगितले. त्या म्हणाल्या, मुलीला खुलून दिसेल. 'हे तुमचं नाही', असे त्या म्हणाल्या नाहीत.

भाचीच्या मशिनवर आम्ही त्याचा परकर शिवला. पोलक्याला खण हवा होता. येताना भाचीसाठी आम्ही खणाचे दोन तुकडे आणले होते, त्यातला एक वापरला. जावाची नक्षी, हॉलंडची छपाई, लागोसच्या बाईचे दुकान, गुळेदगुडचा खण आणि सातारी परकर-पोलके. पोर शाळेत गेली. बाईंनी विचारले, हा कोणत्या देशाचा? पोरीने सांगितले, "माझ्या आईच्या पणजीचा." कोणी शिकवले नव्हते. तिच्या हिशेबात देशापेक्षा पणजी जवळची होती, इतकेच. 'आजी'सुद्धा चालले असते.

आफ्रिका आणि आपण इतके दूर आहोत, असेही नाही. औरंगाबादची पहिली वसाहत, खडकी, १६१० साली वसवली ती हबशी मलिक अंबरने. गुलाम म्हणून विकला गेलेला हा इथिओपियाचा पोर दख्खनचा कर्ता पुरुष झाला. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दीही तिकडचेच. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंडी' शिवतात. आपल्या वाकळेची ती बहीण. कडेपासून सुरुवात करून टाके घालत घालत मधोमध येतात आणि चारी कोपऱ्यांवर तुकड्याची घडी घालून फूल करतात. फुलाशिवाय कवंडी पुरी होत नाही. आफ्रिकेतून आलेली माणसे, दख्खनचे कापड, इथल्याच वाकळेचा टाका. त्यांना कोणी अस्सलपणाचे सर्टिफिकेट मागत नाही, कारण थंडीत पांघरूण हवे असते, सर्टिफिकेट नव्हे.

आमची मराठीही अशीच. तिच्यात सदरा आहे, पायजमा आहे, अस्तर आहे, रुमाल आहे, जरी आहे. हे शब्द अरबस्तान-इराणकडून आले आणि इथल्या धुण्याच्या दगडावर आपटून आपटून मऊ झाले. लुगडे, चोळी, परकर आहेत, तेही त्याच दोरीवर वाळत आहेत. दोरीवरून एक काढून घेऊन 'हे बाहेरचे' म्हणावे, तर अंगावर नेसायला पुरे काय उरेल? ही भाषा आम्ही कोणाकडून उसनी आणलेली नाही. ती नेसून नेसून आमची झाली. जगात आजवर प्रत्येकाची भाषा तशीच आपली झाली आहे.

शोनिबारे यांनी शिक्षकाच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. त्यांनी प्रश्नच कापडात गुंडाळून शिक्षकाच्या पुढ्यात ठेवला. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्यांची आणि त्यांच्या मुलाबाळांची नावे सोन्याच्या अक्षरांत पुस्तकांच्या पाठीवर छापून त्यांनी २०१४ साली 'द ब्रिटिश लायब्ररी' नावाची कलाकृती उभी केली. सहा हजारांहून अधिक पुस्तके, सगळी याच कापडाच्या वेष्टनात. काही पुस्तकांच्या पाठी कोऱ्या आहेत. ज्यांची नावे अजून यायची आहेत, त्या जागा त्यांच्यासाठी असाव्यात, असे आम्हाला वाटते.

भाचीच्या मुलीला शाळेत पुढेही विचारतील, मूळची कुठली? इकडे आपल्या नातवंडांनाही विचारत राहतील. त्यांना दूरच्या एखाद्या गावाचे नाव पाठ करून देऊ नका. घरातली जुनी ट्रंक उघडून दादीचे लुगडे त्यांच्या हातात द्या. त्याची किनार दाखवा, ठिगळे दाखवा, कुठला तुकडा कुठून आला ते सांगा. आठवत नसेल तर नुसते पांघरू द्या.